बंदुकीतलं पंचामृत

"दाजी, काय बी करा, पण तिला उघडायचं न्हाई," हिंदुराव म्हणाला.

हातातला पेचकस तसाच धरून मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. समोर घोंगड्यावर त्याची नवी कोरी रायफल आडवी पडली होती. नळीला लाल धागा, दस्त्याला गंधाचा टिळा. नवरी सजवावी तशी सजवून ठेवलेली.

"उघडायचं नाही, मग करू काय? मीठ-मोहऱ्या उतरून टाकू तिच्यावरनं?"

"चेष्टा नका करू दाजी. पूजेला बसलेलं हत्यार हाय. खंडेनवमीला देवाम्होरं बसलं, की दुसऱ्या दसऱ्यापत्तुर खोलत न्हाईत आमच्यात. आज्याच्या तलवारीची मूठ कधी कुणी काढून बघितली न्हाई."

"तलवार पुसली की संपलं. बंदुकीच्या पोटात पन्नास भानगडी असतात, बाबा."

"म्हणून तर तुमास्नी बोलावलं. भाईरनंच बघा."

भाईरनंच बघा! जणू पोट दुखणाऱ्या माणसाला डॉक्टरनं रस्त्याच्या पलीकडून तपासायचं. हा हिंदुराव म्हणजे माझ्या बायकोचा, शालनचा, धाकटा भाऊ. हातकणीचा सरपंच. मी पलटणीत बंदुका दुरुस्त करायच्या वर्कशॉपात उमेदीची वर्षं काढली आणि सुटून आल्यावर कोल्हापुरात एका बंदुकीच्या दुकानात कामाला लागलो. त्यामुळे सासुरवाडीला माझा मान मोठा, पण ऐकायचं कुणी नाही. ही गोष्ट त्या काळातली, जेव्हा परवाना काढला की रानात शिकार करता यायची. हातकणीच्या मागचं रान तर डुकरांनी नुसतं बुजबुजलेलं.

बंदूक नेम चुकवते, एवढाच निरोप मला आला होता. खरी भानगड काय ती तिथं गेल्यावर कळली. दसऱ्यानंतर जितके हाके झाले, म्हणजे गावानं हलग्या वाजवत रान उठवून डुकरं बंदुकीसमोर आणली, तितक्या वेळा हिंदुरावची गोळी भलतीकडेच गेली. पहिल्या हाक्याला निघताना रानाच्या कडेला राहणारी हौसाबाई दारात उभी होती. तिनं विचारलं, "कुठं चाललासा रं?" संपलं. शिकारीला निघालेल्याला 'कुठं' म्हणून विचारायचं नाही, हे शेंबडं पोरही जाणतं. धोंडू गुरवानं देवाला विचारून सांगितलं, की हौसाबाईनं बंदुकीवर करणी केली आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात गाव बसणार होतं. तिला बाहेर काढायचं हे ठरलेलंच होतं. तिच्या घराची कौलं कुणी उतरवायची, एवढंच ठरायचं बाकी होतं.

एका म्हातारीचं घर एका बंदुकीच्या नळीवर टांगलेलं. मला तिथंच शिसारी आली. पण म्हटलं, बरंच झालं. आपण या बंदुकीचा दोष शोधून काढू, सगळ्यांच्या नाकासमोर धरू, आणि म्हातारीला सोडवू. केवढा मी शहाणा!

दुपारी आम्ही दगडाच्या खाणीत गेलो. बरोबर केरबा. केरबा हा गावातला जुना वाटाड्या. जनावराचा माग काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. खाणीच्या भिंतीला मी डालड्याच्या डब्याचं झाकण टेकवलं, त्यावर चुन्याचा ठिपका काढला, वाळूनं भरलेल्या पोत्यावर रायफल टेकवली आणि हिंदुरावला म्हटलं, "मार."

पहिली गोळी ठिपक्याच्या काठावर. दुसरी चार बोटं उजवीकडं. तिसरी झाकणाच्या बाहेर दगडावर, आणि चौथी कुठं गेली ते देवाला ठाऊक.

"बघितलासा?" हिंदुराव जवळजवळ खुशीतच म्हणाला. "पयली सोडती, मागनं धरती. धोंडू तेच म्हणाला."

"कोण सोडती?"

"हौसी. दुसरं कोण?"

"गप बस जरा."

मी एकेक करून सगळं बघत गेलो. नेम धरायची पुढची माशी हलते का? नाही. मागची खाच वाकडी आहे का? नाही. काडतुसं बदलून बघितली. नळीतनं तेलाचा बोळा फिरवला. आतली धार नव्या नवरीच्या बांगडीसारखी लखलखीत. मग हिंदुरावला बाजूला सारून मी स्वतः पडलो. म्हटलं, निम्मा दोष याच्या हाताचा असणार, चाप ओढताना हा डोळे मिटतो हे मी बघितलं होतं. पण माझीही तीच गत. पहिली बरोबर, मग उजवीकडं, आणखी उजवीकडं.

नळी हाताला चटका देत होती. मी म्हटलं, "आता बसा. थंड होऊ दे." विडी ओढली, केरबानं तंबाखू मळली. नळी गार झाल्यावर पुन्हा एक गोळी मारली. ठिपक्यात! लगोलग दुसरी मारली, ती उजवीकडं.

मला जे कळायचं ते कळलं. विडीच्या बंडलाचा कागद फाडला, नळी आणि तिच्याखालचं लाकूड यांच्या फटीत सारला. सरळ आत जायला हवा. डाव्या बाजूनं कसातरी गेला, पुढं अडकला आणि फाटलाच.

"हे बघ," मी म्हटलं, "लाकूड फुगलंय आणि आत काहीतरी बसलंय. नळी तापली की ती वाढते. वाढली की या अडथळ्यावर चढते आणि उजवीकडं ढकलली जाते. गार असते तोवर नीट. यात कसली करणी आलीय? पाणीबिणी गेलं होतं का आत?"

केरबा तंबाखूची पिंक टाकून हळूच म्हणाला, "खंडेनवमीला अभिषेक केला न्हवं का सरपंचांनी. पंचामृताचा. तांब्याभर."

"तांब्याभर पंचामृत? बंदुकीवर?"

"नवी हुती न्हवं," हिंदुराव पुटपुटला. "पयलीच पूजा. आन् वरनं पुसली की स्वच्छ."

दूध, दही, तूप, मध, साखर. तांब्याभर. मला हसावं की रडावं कळेना. "अरे गाढवा," मी म्हटलं, "तू बंदुकीला न्हाऊ घातलंस आणि खापर त्या बाईच्या डोक्यावर?"

"उघडल्याबगर कसं म्हणतासा तुमी?"

"मग उघडू दे!"

"उद्या. गावाम्होरं," तो म्हणाला. एवढं तो कबूल झाला, तेव्हा मला वाटलं मी जिंकलो. केरबाही माझ्याकडे बघून मान हलवत होता. परतताना मागं राहून म्हणाला, "पाव्हणं, बराबर हाय तुमचं. मला पयल्यापासनं ठावं हाय. पर आमी कुठं बोलायचं?"

खाणीतनं परतताना वाटेत हौसाबाईचं घर लागलं. हिंदुराव तोंड फिरवून पुढं गेला. मला तहान लागली होती, मी मुद्दाम थांबलो. शालनची ती भावकीतली चुलती. नवरा, पोरगा, कुणी नाही. अंगणात भाताचं तूस पाखडत बसली होती.

"काकू, पाणी देता?"

"कोण? शालनचा नवरा न्हवं तुमी? बसा जावईबापू." तिनं तांब्या आणला. "करणीनं बांधलेली बंदूक सोडवाय आलासा म्हणं."

"तुम्ही बांधलीय काय?"

"मी?" ती इतकी मोठ्यानं हसली की कोंबड्या पांगल्या. "मला बांधायचंच असतं, तर आमच्या हिंदूची जीभ बांधली असती. बंदूक कशापायी बांधू?"

मग तिनं मला घरामागं नेलं. तिथं कुंपणाच्या कडेला थोडी माती वर आलेली होती. "पयल्या हाक्याला त्यानं भेकराचा जबडा उडविला," ती म्हणाली. "मादी. पोटुशी. जबडा लोंबकाळतोय आन् चालत आली हितं. दोन दिस पडून हुती. पाणी पियाचं तर तोंड कुठाय? कापसानं घशात पिळलं मी. माशा बसायच्या तोंडात. वास तर असा, की मला अन्न जाईना. केरबाला सांगितलं, की हिंदूला म्हणावं, ये आन् एक गोळी नीट घाल हिला. आला न्हाई. मेल्यावर मीच पुरली."

"मग?"

"मग गेले की देवळात. समद्यांच्या म्होरं त्याला म्हटलं, हात कापत असला तर बंदूक खुट्टीला लाव, मुक्या जनावराचे हाल करू नगंस." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तवापासनं मी करणीवाली."

म्हणजे मूळ रोग हा होता. 'कुठं चाललासा' वगैरे सगळी वरवरची रांगोळी. म्हटलं, "काकू, काळजी करू नका. उद्या सगळं गावासमोर येईल."

ती माझ्याकडं लहान पोराकडं बघावं तशी बघत राहिली.

सकाळी देवळासमोर सगळं गाव. पारावर पंच, खाली माणसं, लांब भिंतीशी बाया. हौसाबाई एकटी नंदीपाशी, लुगड्याचा पदर खोचून. मी घोंगडं अंथरलं, रायफलीचा लाल धागा काढून धोंडू गुरवाच्या हातात दिला आणि पेचकस लावला. स्क्रू गंजून बसला होता. तेल सोडून, ठोकून, दोघांनी धरून फिरवला. दुसरा निघाला. मग मी लाकूड धरून नळीपासून उचललं, तर ते सुटेना. गुळाच्या ढेपेला कागद चिकटावा तसं चिकटलेलं. जोर लावला तेव्हा चरचर आवाज करत वेगळं झालं.

आणि वास सुटला.

पुढच्या रांगेतली माणसं नाकाला उपरणी लावून मागं सरली. एक पोर ओकलं. मी आयुष्यात मेलेली जनावरं उकरलीत, पण असा आंबट, कुजट, गोड वास नाही घेतला. लाकडाच्या खाचेत करपलेल्या साखरेचा काळा चिकट थर, त्यात मुंग्यांचा लगदा, बुरशीचे पांढरे केस, गंजाचं लाल पाणी. आणि डाव्या बाजूला, बरोबर जिथं कागद अडकला होता तिथं, कुंकवाच्या अक्षता. तांदळाचे दाणे तापून तापून काळे पडलेले, एकमेकांना चिकटून त्यांची सुपारीएवढी गाठ झालेली.

मला किळस आली, पण आनंदही झाला, खोटं कशाला सांगू. मी ती गाठ पेचकसाच्या टोकावर घेतली आणि वर धरली. "बघा मंडळी! ही तुमची करणी. नळी तापली की या गाठीवर चढायची आणि गोळी उजवीकडं जायची. खंडेनवमीचं पंचामृत आणि अक्षता. सरपंचांनी स्वतःच्या हातानं ओतलेलं, तुम्ही सगळे तिथं हजर होता, तीर्थ म्हणून हातावर घेतलंत. ती बाई त्या दिवशी देवळात तरी होती का?"

मी दुपारपर्यंत राबलो. लाकूड उन्हात टाकलं, रॉकेलनं धुतलं, फुटक्या बाटलीच्या काचेनं फुगलेला भाग तासला, नळीचा गंज काढला, सगळं बसवून कागद फिरवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकन गेला. मग गावाला खाणीत नेलं आणि हिंदुरावच्या हातात रायफल दिली. "मार. पटापट मार, तापू दे."

पाच गोळ्या. पाचही झाकणात, तळहाताखाली झाकतील एवढ्यात. लोकांनी हो हो करून आरोळी ठोकली. हिंदुरावच्या डोळ्यांत पाणी आलं. मी हौसाबाईकडं बघितलं आणि हसलो. ती हसली नाही.

तेव्हा धोंडू गुरव पुढं आला. मघाची ती काळी गाठ त्यानं केळीच्या पानात गुंडाळून आणली होती. पान उघडून त्यानं ती सगळ्यांना दाखवली.

"काळा तांदूळ," तो म्हणाला. "कुंकू. आन् वर गाठ. बायांनू बापड्यांनू, करणीला आणखी काय लागतं?"

मला आधी कळलंच नाही. मग बायांच्यातनं एक हाय निघाली. "आगं आई गं! खरंच की!" कुणी म्हणालं, "पोटात घातली हुती बंदुकीच्या!" कुणी म्हणालं, "काढल्याबरुबर कशी बघा, पाच म्हंजे पाच लागल्या!"

"अहो!" मी ओरडलो. "पूजेच्या अक्षता आहेत त्या! सडल्यात!"

"देवाचं पंचामृत सडत न्हाई पाव्हणं," धोंडू शांतपणे म्हणाला. "सडतं ते सडवलेलं असतंय."

मी हिंदुरावकडं वळलो. "अरे, तू सांग की! तूच ओतलंस ना? काल माझ्यासमोर कबूल झालास!"

हिंदुरावनं रायफल खांद्याला अडकवली. माझ्या नजरेला नजर न देता म्हणाला, "मी वाहिल्या त्या अक्षता तांबड्या हुत्या, दाजी. ह्या काळ्या हाईत."

मी सांगतो, तेवढ्या एका वाक्यात मला त्या बंदुकीच्या पोटातल्यापेक्षा जास्त घाण वास आला. धोंडूचं समजू शकतो. त्याचं पोट त्याच्यावर आहे. पण याला ठाऊक होतं. याला ठाऊक होतं आणि हा तांदळाच्या रंगावर बोलत होता.

"केरबा!" मी हाक मारली. "तू तरी बोल. तूच मला अभिषेकाचं सांगितलंस."

केरबा जमिनीकडं बघत तंबाखू मळत राहिला. पुढं तासाभरात गाव हौसाबाईच्या दारात गेलं, तेव्हा शिडी लावून पहिला वर चढला तो केरबाच. कौल उतरवून खाली देताना तो प्रत्येक कौल जपून देत होता, फुटू नये म्हणून. त्या जपण्याचीसुद्धा मला किळस आली.

मी मधे पडलो, शिव्या घातल्या, पोलिसात जाईन म्हटलं. चार जणांनी मला अगदी मानानं धरून बाजूला बसवलं. "पाव्हणं, तुमचं उपकार हाईत," म्हणत होते. आणि कळस म्हणजे, हिंदुरावनं सगळ्यांदेखत माझ्या डोक्याला फेटा बांधला आणि हातात नारळ ठेवला. करणी काढली म्हणून! देवरशाला करतात तसा मान! मी फेटा ओरबाडून त्याच्या तोंडावर फेकला. तो हसला आणि लोकांना म्हणाला, "दमल्यात दाजी. जोखमीचं काम असतंय ते."

हौसाबाई बोचकं बांधून पायवाटेवर उभी होती. मी जवळ गेलो. मला वाटलं, ती थुंकेल माझ्यावर. ती म्हणाली, "येशटी किती वाजता हाय, जावईबापू?"

तिला घेऊन मी कोल्हापूरला आलो. शालननं दार उघडलं, काकूला बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि काही न विचारता आत जाऊन भाताला आधण ठेवलं. मागच्या खोलीत तिची सोय झाली. जातं फिरवायची, शालनला रागवायची, एरवी गप्प.

आठवडा झाला नसेल. दाराशी हातकणीचा गडी उभा राहिला, डोक्यावर पळसाच्या पानांत बांधलेला मोठा पुडा, कडेनं रक्त गळतंय. "सरपंचांनी डुक्कर पाडलं," तो म्हणाला. "एका गोळीत. ही मागची तंगडी पाठवलीया. करणी काढणाऱ्याचा वाटा म्हणून."

माझ्या डोक्यात सणक गेली. "घेऊन जा ते! गटारात टाक, कुत्र्याला घाल, त्याच्या तोंडावर नेऊन मार!" शालन रडायला लागली. तिच्या माहेरचं होतं ना ते! गडी बावरून पुडा उंबऱ्यावर ठेवून पळाला. मी तो उचलून बाहेर भिरकावणार, तेवढ्यात मागच्या खोलीतनं हौसाबाई आली आणि तिनं माझा हात धरला.

"ठेवा खाली."

"काकू, हे मी या घरात शिजू देणार नाही. मला ओकारी येते याची."

"तुमी नगा खाऊ." तिनं पान उलगडलं, तंगडी दोन्ही हातांनी उचलून वजन बघितलं. "शालन, विळी आण. आन् मीठ आण गं भरपूर."

"अहो, कुणाचं आहे हे, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"मला न्हाई तर कुणाला ठावं असणार?" ती विळीवर बसली आणि एक पाय पाटावर रोवला. "माझं घर हाय हे. चार भिंती, कौलं, अंगण, समदं ह्यात आलं. ते मी न्हाई खायाचं तर कुणी खायाचं?"

आणि माझ्याकडं न बघता तिनं मांस कापायला सुरुवात केली.